नागपूरच्या उन्हाळ्यात कुंडीतली लिली: कंदाच्या निवडीपासून पावसाळ्यापर्यंत

नागपुरात कुंडीतल्या लिलीचा घात हवेपेक्षा मातीचे तापमान अधिक करते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा गच्चीच्या स्लॅबवर उन्हात ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतील माती त्याहूनही जास्त तापते. त्या तापलेल्या मातीत भर दुपारी पाणी ओतले, की मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो आणि कंद आतून सडू लागतो. जमिनीत लावलेल्या कंदाला खालच्या गार थरांचा आधार असतो, तो कुंडीतल्या कंदाला नसतो. त्यामुळे येथे लिली लावताना फुलाच्या रंगाआधी दोन गोष्टींचा निर्णय करावा लागतो: कोणती लिली कोणत्या महिन्यात वाढवायची, आणि उरलेल्या महिन्यांत तिची मुळे गार कशी ठेवायची.

कोणती लिली निवडावी

रोपवाटिकेत ‘लिली’ या एकाच पाटीखाली अगदी वेगळ्या स्वभावाच्या वनस्पती विकल्या जातात, आणि त्यांची गल्लत झाली की पुढची सगळी मेहनत वाया जाते. फुलवाल्यांच्या गुच्छात दिसणारी, उंच सरळ दांड्यावर मोठी सहा पाकळ्यांची फुले धरणारी एशियाटिक, एलए किंवा ओरिएंटल लिली ही खऱ्या अर्थाने लिलियम वंशातील आहे. तिच्या बहुतेक जाती थंड प्रदेशातल्या असून फुलण्यापूर्वी तिच्या कंदाला काही आठवडे थंडी मिळावी लागते. याउलट अमरिलिस, फुटबॉल लिली, रेन लिली, स्पायडर लिली आणि नागदवणा या वनस्पती लिलियमच्या नाहीत. त्यांतील बहुतेक उष्ण प्रदेशांतून आलेल्या आहेत. अमरिलिस दक्षिण अमेरिकेतली, तर फुटबॉल लिली आफ्रिकेतली. कोरड्या ऋतूत कंदाच्या आधाराने तग धरायची आणि पाणी मिळताच उठायचे, ही त्यांची मूळ सवय विदर्भाच्या हवामानाशी चांगली जुळते.

माझे मत असे, की नागपूरकराने लिलियमला हिवाळ्याची पाहुणी मानावे आणि अमरिलिस व फुटबॉल लिली यांना घरची माणसे. पाहुणीचे कौतुक दोन-तीन महिने मनापासून करावे, पण तिला वर्षभर ठेवून घेण्याचा हट्ट धरू नये. जे पैसे दरवर्षी महागड्या ओरिएंटल कंदांवर खर्च होतात, त्यांतील निम्मे अमरिलिसच्या चांगल्या कंदांवर घातले, तर काही वर्षांत तेच कंद पिल्ले देऊन गच्ची भरून टाकतात.

लिलियममध्येही निवड आहे. एलए हा लाँगिफ्लोरम आणि एशियाटिक यांचा संकर असून त्याला थोडी उष्णता सहन होते आणि तो लागवडीनंतर साधारण अडीच महिन्यांत फुलतो. ओरिएंटल लिलीला सुगंध अप्रतिम असतो, परंतु तिला फुलायला साडेतीन ते चार महिने लागतात. नोव्हेंबरमध्ये लावली तरी तिच्या कळ्या मार्चच्या उन्हात सापडतात, जेव्हा नागपूरचे दुपारचे तापमान ३५ अंशांकडे गेलेले असते. पहिल्या वर्षी एलएच घ्यावी.

कुंडी, माती आणि पाणी

कुंडी मातीची असावी. तिच्या भिंतीतून पाणी झिरपून उडत राहते आणि आतली मुळे रांजणातल्या पाण्यासारखी गार राहतात. तिची अडचण एवढीच, की ती लवकर कोरडी पडते. प्लास्टिकची कुंडी वापरायचीच असेल, तर ती पांढरी किंवा फिकट रंगाची घ्यावी, नाहीतर काळ्या कुंडीला बाहेरून चुना लावावा. गच्चीला पश्चिमेचे ऊन थेट लागत असेल, तर कुंडीत कुंडी ठेवणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे: लावलेल्या कुंडीपेक्षा चार-पाच इंच रुंद अशी मातीची कुंडी घ्यावी, आतली कुंडी तिच्यात बसवावी, मधली फट जाड वाळूने भरावी आणि उन्हाळ्यात ती वाळू रोज ओली करावी. आतल्या मातीला वेगळे पाणी न देताही ती गार राहते. दोन्ही कुंड्यांची तळाची भोके मात्र मोकळी असली पाहिजेत.

आपल्या भागातली काळी माती कुंडीत एकटी वापरू नये. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते आणि कंदाभोवतीचा गोळा कोरडाच राहतो. शिवाय तिच्यात चुन्याचे प्रमाण जास्त असल्याने लिलियमच्या कोवळ्या पानांना लोह मिळत नाही, पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लिलियमसाठी दोन भाग धुतलेले कोकोपीट, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग नदीची जाड वाळू हे मिश्रण पुरते. कोकोपीटच्या विटेत अनेकदा मीठ असते. म्हणून ती भिजवून, पिळून, पाणी बदलून दोन-तीनदा धुवावी. अमरिलिस आणि फुटबॉल लिली वर्षानुवर्षे त्याच कुंडीत राहणार असल्याने त्यांना वजनदार माती लागते: दोन भाग लाल माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. नागदवणा मात्र काळ्या मातीतही आनंदाने वाढतो, त्याला फक्त मोठी कुंडी द्यावी.

पाण्याबाबत एक इशारा आवश्यक आहे. बोअरचे पाणी बहुतेक वस्त्यांत जड आहे, आणि कूलरच्या टाकीत उरलेले पाणी त्याहूनही वाईट, कारण पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. उन्हाळ्यात ते टाकीतले पाणी ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून कुंड्यांत ओतण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ती लिलीपुरती तरी सोडावी. नळाचे पाणी चांगले. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते, म्हणून ते बोअरच्या पाण्यात निम्मे मिसळून वापरता येते. मातीवर पांढरा थर दिसू लागला, तर एकदा भरपूर पाणी घालून ते तळातून वाहू द्यावे आणि क्षार धुऊन काढावेत.

हिवाळी लिलियम: दिवाळीनंतर लागवड

ऑक्टोबर हीट ओसरून रात्रीचे तापमान १६-१७ अंशांखाली आले, की लागवड करावी. नागपुरात ही वेळ साधारणपणे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येते. कंद विकत घेताना त्यांवर १४-१६ किंवा १६-१८ असे आकडे असतात. तो कंदाचा सेंटिमीटरमधील घेर असतो. कुंडीसाठी १४-१६ पुरेसा आहे. विक्रेत्याला ‘कंद थंडी दिलेले आहेत का’ हे स्पष्ट विचारावे, कारण थंडी न मिळालेला कंद नागपूरच्या हिवाळ्यात पाने काढतो आणि तेवढ्यावरच थांबतो.

कंद हातात घेऊन पाहावा. लिलियमच्या कंदाला कांद्यासारखे कोरडे साल नसते. त्याचे मांसल खवले उघडेच असतात, आणि म्हणून तो बाहेर ठेवला की दोन-तीन दिवसांत सुकायला लागतो. चांगला कंद बोटाने दाबला असता घट्ट लागतो, आकाराच्या मानाने जड वाटतो आणि त्याच्या तळाला पांढरट, रसदार मुळांचा झुबका असतो. ती मुळे कापून ‘साफ’ केलेला कंद घेऊ नये. खवल्यांच्या टोकांवर थोडीशी निळसर बुरशी असली तर ती पुसून टाकता येते, पण तळाचा भाग मऊ किंवा तपकिरी असेल तर तो कंद वाचत नाही.

कंद लवकर घरी आले, तर ओलसर कोकोपीटमध्ये, भोके पाडलेल्या पिशवीत फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावेत. त्याच कप्प्यात सफरचंदे किंवा केळी नकोत, कारण पिकत्या फळांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी करपते. पिशवीवर ठळक अक्षरांत नाव लिहावे. हे कंद लसणाच्या मोठ्या गड्ड्यासारखे दिसतात आणि घरातल्या प्रत्येकाला ते काय आहे हे माहीत असेलच असे नाही.

लागवडीसाठी बारा इंच खोल कुंडी घ्यावी आणि तीत तीन कंद लावावेत. तळाच्या भोकांवर खापराचे तुकडे ठेवावेत, त्यावर तीन-चार इंच मिश्रण, मग मुळे पसरून कंद आणि कंदाच्या वर किमान चार ते पाच इंच मिश्रण, असा क्रम ठेवावा. ही खोली अनेकांना जास्त वाटते आणि बहुतेक जण येथेच हात आखडतात. तिचे कारण असे, की लिलियमला दोन जागी मुळे येतात: कंदाच्या तळाची मुळे झाडाला धरून ठेवतात आणि सुरुवातीला पोसतात, पण पुढे कळ्यांना लागणारे पाणी व अन्न मुख्यतः कंदाच्या वर, मातीत गाडलेल्या दांड्याला फुटणाऱ्या मुळांतून येते. उथळ लावलेल्या कंदाच्या दांड्याला ही मुळे फुटायला जागाच राहत नाही. झाड वाढते, कळ्या धरते आणि त्या मटाराएवढ्या असतानाच पिवळ्या पडून गळतात.

लागवडीआधी कंद कार्बेन्डाझिमच्या द्रावणात, एका लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात, पंधरा-वीस मिनिटे बुडवावेत, किंवा मिश्रणात ट्रायकोडर्मा घालावे. दोन्ही एकाच वेळी करू नये, कारण ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक बुरशी आहे आणि बुरशीनाशकाने तिचाही नायनाट होतो.

पहिले तीन आठवडे कुंडी उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या सावलीत, थेट उन्हाबाहेर ठेवावी. या काळात मुळे वाढतात आणि त्यांना गारवा लागतो. वर काही दिसत नाही म्हणून अधिक पाणी घालण्याचा मोह टाळावा. कोंब चार बोटे वर आला, की कुंडी सकाळच्या उन्हात आणावी, आणि डिसेंबरमध्ये तर दिवसभराचे ऊनही चालते. येथे उलट चूक होते: उन्हाळ्याच्या धास्तीने लोक लिली हिवाळ्यातही बंद बाल्कनीत ठेवतात, आणि उजेड कमी पडल्याने एशियाटिक व एलएच्या कळ्या गळून जातात.

खताबाबत संयम असावा. कोंब सहा इंच झाल्यावर दर दहा-बारा दिवसांनी कॅल्शियम नायट्रेट, लिटरला दोन ग्रॅम, आणि कळ्या दिसू लागल्यावर मधल्या आठवड्यात पोटॅशयुक्त विद्राव्य खत, लिटरला एक ग्रॅम, एवढे पुरते. कॅल्शियम नायट्रेट दुसऱ्या खतांच्या घट्ट द्रावणात मिसळू नये, ते फाटून तळाला बसते. सुपर फॉस्फेट शेतकऱ्यांच्या घरांत सहज सापडते, पण त्यातील फ्लोराइडमुळे अनेक लिलियमच्या पानांची टोके जळतात, म्हणून ते वापरू नये. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर चिलेटेड लोहाची हलकी फवारणी सकाळी लवकर करावी.

जानेवारीत कळ्यांच्या देठांवर मावा येतो. थोडासा असेल तर पाण्याच्या धारेने जातो, नाहीतर निंबोळी अर्क फवारावा. याच सुमारास विदर्भात अवकाळी पाऊस आणि कधी गारपीटही होते. आभाळ भरून आले, की कळ्यांच्या कुंड्या सज्जाखाली घ्याव्यात आणि दांड्यांना बांबूची काडी बांधून ठेवावी.

पहिली कळी रंग धरून उघडू लागली, की कुंडी उन्हातून काढून उजेडाच्या गार जागी आणावी. फूल उमलताच आतले परागकोश, ते फुटून पिवळसर-तपकिरी भुकटी सुटण्याआधी, चिमटीने काढून टाकावेत. फूल जास्त टिकते आणि कपडेही वाचतात. पराग कपड्याला लागलेच, तर पाणी लावून चोळू नये. कोरडेच झटकावे आणि उरलेले चिकटपट्टीने उचलावे.

फुले संपल्यावर दांडा पानांसह तसाच ठेवावा, फक्त वाळलेली फुले खुडावीत. कंद पुढच्या वर्षासाठी ठेवायचा असेल, तर एप्रिलमध्ये पाने पिवळी पडल्यावर तो काढून, धुऊन, ओलसर कोकोपीटमध्ये फ्रिजमध्ये ठेवता येतो. परंतु व्यापारी लिलियमचे कंद शून्याच्या किंचित खाली गोठवून साठवतात, तसे तापमान घरच्या फ्रिजमध्ये मिळत नाही. नोव्हेंबरपर्यंत काही कंद सडतात, काही फ्रिजमध्येच कोंब काढतात, आणि जे टिकतात त्यांना एखाद-दुसरेच फूल येते. एलएसाठी हा खटाटोप हौस म्हणून करून पाहावा. ओरिएंटलसाठी तो करू नये.

अमरिलिस: चार पानांमागे एक दांडा

अमरिलिसचे गणित सोपे आहे. तिच्या कंदात साधारण दर चार पानांमागे एक फुलाचा दांडा तयार होतो; म्हणजे पावसाळ्यात जितकी पाने निरोगी राहतील, तितकी पुढच्या वर्षीच्या फुलांची बेगमी. म्हणून तिच्या खताचा काळ जून ते सप्टेंबर हा आहे. ऑक्टोबरमध्ये खत थांबवावे, नोव्हेंबरअखेर पाणीही थांबवावे, आणि आठ-दहा आठवडे कुंडी कोरडी ठेवावी. पाने पिवळी पडून गळाली तर घाबरू नये.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला वरची दोन इंच माती खरवडून तिच्या जागी शेणखत मिसळलेली नवी माती भरावी. कुंडी बदलायची असेल तर याच वेळी बदलावी, पण कंदापेक्षा फार मोठी कुंडी घेऊ नये. एका कंदाला आठ इंचांची पुरते, आणि कंदाचा वरचा तिसरा भाग मातीबाहेर उघडा राहिला पाहिजे. एकदा पाणी देऊन वाट पाहावी. कंदाच्या मानेतून बाहेर येणारे टोक पानाचे आहे की कळीचे, हे पहिल्याच आठवड्यात ओळखता येते: पान पातळ आणि टोकाला गोलसर असते, तर कळीचा कोंब जाड, थोडा चपटा असून त्याच्या टोकाशी बारीक चीर दिसते. ते दिसेपर्यंत पाणी बेतानेच द्यावे. मार्च-एप्रिलमध्ये फुले येतात. ती सुकली की बीजकोश धरण्याआधीच खुडावीत, पण हिरवा दांडा आपोआप पिवळा पडेपर्यंत ठेवावा.

फुटबॉल लिली आणि रेन लिली

फुटबॉल लिलीला फार काही करावे लागत नाही, हेच तिचे वैशिष्ट्य. डिसेंबर ते एप्रिल ती बिनपानांची, कोरड्या मातीत, कोपऱ्यातल्या सावलीत पडून राहते. एप्रिलच्या शेवटी पाणी सुरू केले, की मे महिन्यात लालभडक गोळा वर येतो आणि पाने त्याच्या मागून येतात. कंदाचे टोक मातीच्या पातळीवर ठेवावे आणि मुळे दुखवू नयेत. जागा बदललेला कंद एखादे वर्ष रुसून बसतो.

रेन लिलीसाठी उथळ, पसरट कुंडी घ्यावी आणि तीत दीड इंच खोलीवर बारा-पंधरा कंद दाटीने लावावेत. मे महिन्यात दोन-तीन आठवडे तिला कोरडे ठेवून मग कुंडी पूर्ण भिजवली, की काही दिवसांत कळ्या दिसतात. तरीही नळाच्या पाण्यापेक्षा मृगाच्या पहिल्या सरीने येणारा बहर नेहमीच मोठा असतो.

मार्च ते जून: मुळे गार ठेवणे

मार्चच्या मध्यापासून कुंड्या स्लॅबवरून उचलून विटांवर किंवा लाकडी फळ्यांवर ठेवाव्यात, कारण तापलेला स्लॅब सूर्यास्तानंतरही बराच वेळ कुंडीच्या तळाला भाजत राहतो. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात, मोठ्या कुंड्या पश्चिमेच्या बाजूला आणि लहान त्यांच्या सावलीत. बाहेरच्या कुंड्यांना गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवावे. मातीवर वाळलेल्या पानांचा किंवा नारळाच्या काथ्याचा दोन इंच थर द्यावा, मात्र अमरिलिसच्या मानेला तो टेकू देऊ नये.

हिरवी शेडनेट ५० टक्क्यांची पुरते. ७५ टक्क्यांची लावली तर पाने लांब आणि लेचीपेची होतात. ती कुंड्यांवर टेकवून न बांधता किमान सहा-सात फूट उंचीवर बांधावी, म्हणजे खालची गरम हवा निघून जाते.

पाणी सकाळी सातच्या आत द्यावे. दुपारी पाने लोंबलेली दिसली, तरी लगेच पाणी ओतू नये. संध्याकाळी ती सावरली, तर झाडाला पाण्याची गरज नव्हती, फक्त उन्हाचा ताप होता. संध्याकाळीही ती लोंबलेलीच असली, तर बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे आणि माती कोरडी असेल तरच, ऊन पूर्ण उतरल्यावर, पाणी द्यावे. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत खत, कुंडी बदलणे, कंद वेगळे करणे यांतले काहीच करू नये.

पावसाळा

जूनच्या मध्यानंतर धोका उलटतो. नागपुरात वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो, आणि सतत भिजलेल्या कुंडीत अमरिलिसचा कंद मानेपासून सडतो. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाकाव्यात, उन्हाळ्यात जवळ आणलेल्या कुंड्या पुन्हा लांब ठेवाव्यात आणि तळाची भोके काडीने मोकळी करावीत. पानांवर किंवा दांड्यावर लालसर, लांबट डाग उठले, तर ती बुरशी असते. रोगट पान कापून टाकावे, मॅन्कोझेब लिटरला दोन ग्रॅम फवारावे आणि पाणी पानांवर न घालता मातीवर घालावे.

या काळातला खरा शत्रू लिलीची अळी हा आहे. काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि लाल-नारिंगी खुणा असलेली ही अळी स्पायडर लिली, नागदवणा, अमरिलिस आणि कळलावी या सर्वांवर येते. ती सुरुवातीला पानाच्या खालच्या बाजूला घोळक्याने असते आणि पानावर पारदर्शक पापुद्रे दिसू लागतात. याच वेळी ते पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवले, तर काम संपते. दोन-तीन दिवस दुर्लक्ष झाले, की अळ्या पसरतात, पाने बुडापर्यंत खातात आणि कंदाच्या मानेतही शिरतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन पानांची खालची बाजू पाहावी, आणि ५ टक्के निंबोळी अर्क आठवड्याने फवारावा. पावसाने तो धुऊन गेल्यास पुन्हा फवारावा.

घरातली मुले आणि मांजरे

लिलियमचा कोणताही भाग, अगदी अंगावर पडलेले परागकण चाटले तरी, मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मांजर पाळणाऱ्याने लिलियम घरात आणूच नये, आणि मांजराने ती खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. अमरिलिस, फुटबॉल लिली आणि रेन लिली यांचे कंद माणसालाही विषारी आहेत, खाल्ल्यास उलट्या-जुलाब होतात. ते स्वयंपाकघरात, कांद्या-बटाट्यांच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नयेत, आणि कंद वेगळे करताना हातमोजे घालावेत. अमरिलिसची पिल्ले वेगळी करायची असतील, तर ती लिंबाएवढी झाल्यावर, फेब्रुवारीत माती बदलतानाच, स्वतःची मुळे असलेली तेवढीच काढावीत. बाकीची आईच्या अंगाला आणखी एक पावसाळा राहू द्यावीत.